आईचे गुडघे आणि पावलं सुजून दुखतात, युरिक ॲसिड ७.१ आलंय. सगळे म्हणतात डाळ बंद करा. कारण काय असेल?

डाळ आधी सुरू करा. सोलापुरात गुडघा धरला की पहिल्यांदा ताटातली आमटी आणि शेंगाचटणी जाते, दुखणं मात्र जागचं हलत नाही. गाऊटला, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याला, मटण, कलेजी, बिअर आणि गोड शीतपेयं नडतात. डाळी खाल्ल्यानं तो वाढतो असं दिसलेलं नाही. शिवाय ७.१ या एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधी होतच नाही, आणि ऐन दुखण्यात तपासलं तर ते नॉर्मलही येऊ शकतं. खरा गाऊट रात्रीतून उठतो, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. जागा लालबुंद होते, अंगावरची चादरसुद्धा तिथे सहन होत नाही.

गुडघ्याची सूज आणि पावलाची सूज वेगवेगळी बघा. आमच्या औषधाच्या दुकानात विड्या वळणाऱ्या एका मावशींसाठी डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध जायचं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं काम, त्यात गुडघे झिजलेले. पावलं संध्याकाळी चपलेत मावेनात. घरचे म्हणत संधिवात. पण नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून उचलला की खड्डा तसाच राहायचा. असा खड्डा म्हणजे कातडीखाली पाणी साठलंय. सांध्याच्या सुजेचं ते लक्षण नाही. बीपीची ॲम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम झाली होती, आणि त्या गोळीनं घोटे सुजतात. डायक्लोफिनॅक अंगात पाणी धरून ठेवतं, बीपीही चढवतं. बीपी चढलं म्हणून गोळी वाढली, गोळी वाढली म्हणून पाय सुजले, सुजले म्हणून पुन्हा डायक्लोफिनॅक. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, डायक्लोफिनॅक थांबवलं, पावलं उतरली. गुडघे तसेच दुखत राहिले, कारण तो आजारच निराळा. मुलगा अजून म्हणतो, डाळ सोडली म्हणून गुण आला. डाळ सोडून गोळ्या त्याच ठेवल्या असत्या तर पावलं उतरली नसती, हे मी त्याला आजही सांगेन.

तुमच्या आईंना सकाळी सांधे किती वेळ आखडतात ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील आणि जिना उतरताना कळ येत असेल तर बहुधा झीज. तासभर आखडत असतील, हाताची बोटंही सुजत असतील तर आमवात असू शकतो. त्यासाठी ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या. मागच्या काही महिन्यांत ताप येऊन सांधे धरले असतील तर चिकुनगुनियाही असू शकतो. खड्डा पडत असेल तर लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि हृदय तपासून घ्या. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहूनच काढायचा, झोपून काढला तर झीज कमी दिसते.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. नाव नसलेल्या पुड्या घेत असतील तर त्याही दाखवा. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि ते एकदम तोडणं धोक्याचं. बीपीची गोळीही स्वतःहून बंद करू नका. एकच पोटरी सुजून दुखायला लागली, गुडघा गरम होऊन ताप आला, किंवा सुजेबरोबर दम लागला, तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या.