मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचाय? मग हे ऐक

मालिकेमुळे तुझा चेहरा घरोघरी पोचलाय, तर मदत करावीशी वाटणारच. पण चेक देतानाचा फोटो काढून मोकळा होऊ नकोस. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग केले. त्या निधीच्या व्याजातून सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. कार्यकर्त्याच्या घरचा किराणा भरला, याची बातमी कोण छापणार? मला तर तेच मोठं वाटतं. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनीही दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांच्या मदतीसाठी 'नाम' ही रीतसर संस्थाच काढली.

तू देणगी स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस. पावती नोंदणीकृत संस्थेचीच. आणि नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात वजा जाता उरलेलंच संस्थेला मिळणार असेल, तर तसं तिकिटावर छाप.