कपाटात ठेवलेली वही

खानापूर तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाला आहात, मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीत आहे, भौतिकशास्त्रात त्याला 61 गुण आहेत, आणि 'आकाश' या विमानवेधी क्षेपणास्त्राची प्रक्षेपक गाडी बनवण्याचे वेड सोडवून त्याला सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे (एनडीए) कसे वळवावे, असे आपण विचारता. गुणांची मला काळजी वाटत नाही. मला अस्वस्थ केले ते शेवटच्या ओळीने: त्याची चित्रांची वही आपण कपाटात कुलूपबंद केलीत आणि तेव्हापासून तो आपल्याशी बोलत नाही.

त्या वहीच्या ज्या पानाचे छायाचित्र आपण वेडाचा पुरावा म्हणून पाठवले आहे, त्यावर त्याने गाडीच्या लोखंडी पट्ट्याची एकेक कडी आणि ती जोडणारी पिन रेखाटली आहे, आणि कडेला लिहिले आहे, 'तीनपैकी बाजूचे एक सुटले तर तोल कसा राहील?' गाडीवर तीन क्षेपणास्त्रे असतात आणि एक 'आकाश' सुमारे 720 किलोचे असते. ते सुटताच फिरत्या मंचावरचा भार एका बाजूला जातो, आणि मंच फिरवणाऱ्या व उचलणाऱ्या यंत्रणेला तो सांभाळावा लागतो. ज्या मुलाला हा प्रश्न आपणहून पडतो, त्याची वही काढून घेणे ही चूक आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो.

आपला एक गैरसमजही दूर केला पाहिजे. क्षेपणास्त्र म्हटले की एरोस्पेसचीच पदवी हवी, आणि ती आयआयटीत मिळणार नसेल तर सगळे व्यर्थ, असे आपण धरून चालला आहात. लष्कराच्या 'आकाश'चा प्रक्षेपक टी-72 रणगाड्याच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या सांगाड्यावर बसवलेला आहे, कारण त्याला रणगाड्यांबरोबर वाळूतून आणि नांगरटीतून जावे लागते. आपल्याकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, त्यामागचे कारणही फारसे वेगळे नाही. हा प्रक्षेपक पुण्याजवळ दिघी येथील डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संघटनेच्या, अभियांत्रिकी संस्थेने विकसित केला आणि त्याच्यासोबतचे 'राजेंद्र' रडार तिच्याच बेंगळुरूच्या प्रयोगशाळेने. म्हणजे या गाडीत मेकॅनिकल, हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि धातुकाम जाणणाऱ्यांचे काम एरोस्पेसवाल्यांपेक्षा कमी नाही.

मार्ग आपल्या परिचयाचे आहेत: कर्नाटकातील प्रवेशपरीक्षा केसीईटी व कॉमेडके, देशपातळीवरची जेईई, आणि सीमाभागातील मराठी भाषकांना महाराष्ट्रातील प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी. गणवेशाची ओढ त्याच्या मनात स्वतःहून जागी झाली, तर अभियांत्रिकीनंतरही सैन्याचे दार उघडे असते; परंतु आपली अपुरी राहिलेली इच्छा त्याच्या अर्जावर लिहू नका.

त्याचे मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) सिलिंडरच्या कारखान्यात आहेत, असे आपण ओझरते लिहिले आहे. या आठवड्यात वही त्याला परत द्या, आपण स्वतः त्याला घेऊन तिथे जा, आणि जड भार उचलणारा सिलिंडर मधेच तेल गळू लागला तर काय होते, हे मामांना त्याच्यासमोर विचारा. तो काय विचारतो, ते मला पुढच्या पत्रात कळवा. महाविद्यालयाचे नाव आपण त्यानंतर ठरवू.