‘सगळं आणून देतो, तरी ही खूश का नाही?’

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये समुपदेशक म्हणून मराठी जोडप्यांबरोबर काम करताना नवऱ्यांच्या तोंडून हा प्रश्न मी सतत ऐकते. बायकोचंही ठरलेलं असतं, “कशाची कमी नाही हो, पण यांच्याशी बोलायची सोय नाही.”

असंच एक जोडपं (ओळखीचे तपशील बदलले आहेत). तो साताऱ्याकडचा, एकेकाळी गावच्या कबड्डी संघातला. इथे गोदामात रात्रपाळी करणारा. ओव्हरटाइमच्या पैशांतून बायकोला सोन्याच्या बांगड्या केल्या. तिनं त्या कपाटात ठेवल्या, की याचा अबोला सुरू. सुरुवातीच्या भेटींत दोघांनी माझ्यापुढे नुसता हिशेब मांडला.

मग मी त्यांना १९६३ चा ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ हा इंग्रजी चित्रपट बघायला सांगितला. डेव्हिड स्टोरीच्या कादंबरीवरून लिंडसे अँडरसननं केलेला. चित्रीकरण बरंचसं आमच्या शेजारच्या वेकफिल्डमधलं. खाणकामगार फ्रँक मेचिन रग्बी लीगमध्ये नाव काढतो, करारापोटी हजार पौंड मिळवतो. मैदानात कुणाला न हटणारा हा गडी घरमालकीण मिसेस हॅमंडपुढे मात्र हतबल. ती विधवा, मेलेल्या नवऱ्याचे बूट अजून पॉलिश करून शेकोटीपाशी ठेवते. हा तिला फरचा कोट घेतो, गाडीतून फिरवतो आणि ती खुलत नाही म्हणून आणखी धसमुसळेपणा करतो. रिचर्ड हॅरिसनं हे तडफडणं असं उभं केलं, की कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक त्यालाच मिळालं.

पुढच्या भेटीत नवरा खेळाबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, “तो कोट तिनं मागितलाच नव्हता.”

“मग त्यानं का आणला?”

बराच वेळ गेला. “तिनं आपलं म्हणावं म्हणून.”

“आणि बांगड्या?”

त्याची मान खाली गेली. “सकाळी घरी येतो तेव्हा कंबर धरलेली असते. हिनं एकदा तरी विचारावं, असं वाटतं.”

बायको बघतच राहिली. “कंबर दुखते हे आज कळतंय मला. तुम्ही दार आपटून आत येता. मला वाटायचं, माझ्यावरच राग आहे.”

माणसांमधल्या भावबंधांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर घडलेली मी समुपदेशक आहे. मोठ्या माणसालाही टेकायला कुणीतरी लागतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. चिडक्या माणसातलं ते मागणं मला आता लवकर ऐकू येतं, आणि इतक्या वर्षांच्या कामाची हीच माझी कमाई आहे. ज्याला लहानपणापासून ‘रडायचं नाही’ एवढंच शिकवलं, तो मागण्याऐवजी देत सुटतो. देणं नाकारलं गेलं, की आपणच नाकारले गेलो असं त्याला वाटतं.

म्हणून नवऱ्यांनो, दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा, याच्या बदल्यात मला तिच्याकडून काय हवंय? तेच बोलून दाखवा. आणि बायकांनो, वस्तू आवडली नाही तर तसं सांगा, पण आणणाऱ्याची विचारपूस करा. मात्र हात उगारला जात असेल, तर आधी स्वतःची सुरक्षितता बघा. फ्रँकचं दुःख खरं आहे. म्हणून त्याची मारझोड सोसणं हे तिचं काम नव्हे.

त्या दोघांना मी एवढंच सांगितलं, की तो घरी आल्यावर टीव्ही लावण्याआधी शरीर कसं आहे ते दोघांनी एकेका वाक्यात सांगायचं, उपाय सुचवायचे नाहीत. बांगड्यांवरून कुरबुर अजून होते, पण आता ती अबोल्यापर्यंत जात नाही.