लहानपणी आवडलेलं 'ट्रान्सफॉर्मर्स' आता पुन्हा पाहावं का? कशापासून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की लहानपणी जीव की प्राण असलेलं हे कार्टून आता आठ वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन पाहिलं, तर आठवणींचा विचका होईल का. आणि इतक्या सिनेमांमधले कुठले निवडावेत. जरूर पाहा, पण सगळं पाहू नका. मी अलीकडेच जुनी मालिका आणि जवळपास सगळे सिनेमे पुन्हा पाहिले. काही भाग तेव्हापेक्षाही जास्त भिडले, काही अर्ध्यावर बंद केले. असं का झालं, ते आधी सांगतो. म्हणजे निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

ज्या खेळण्यांवरून हे कार्टून निघालं ती मुळात जपानी. ताकारा कंपनीच्या 'डायक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' या संचांमधली. डायक्लोनमधला रोबो म्हणजे निव्वळ यंत्र होतं, आत बसलेला इवलासा माणूस ते चालवायचा. १९८४ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने ती अमेरिकेत आणली तेव्हा हा चालक काढून टाकला आणि यंत्रालाच जीव दिला. नावं आणि स्वभाव ठरवण्याचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. चांगल्या रोबोंच्या म्होरक्याचं 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव डेनिस ओनील यांचं; बाकीच्या बहुतेकांची नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. खोक्याच्या मागे छापलेली ती माहिती आठवते का? लाल पारदर्शक पट्टी धरली की ताकद, बुद्धी, वेग, धैर्य यांचे आलेख दिसायचे. शिवाय प्रत्येकाचं एक ब्रीदवाक्य असायचं. ऑप्टिमसचं होतं: स्वातंत्र्य हा जाणीव असलेल्या प्रत्येक जीवाचा हक्क आहे.

ट्रान्सफॉर्मर्सचा आत्मा मला त्या खोक्यावरच्या चार ओळींत दिसतो. गाडीचा रोबो होतो ही गंमत आहेच, पण ती चार वेळा पाहिली की ओसरते. समोरचा रोबो कोण आहे, कशाला घाबरतो, कशासाठी उभा राहतो, हे ज्या पटकथाकारांनी लक्षात ठेवलं त्यांचं काम टिकलं.

जुनी मालिका या कसोटीवर पाहा. ९८ भाग आहेत आणि चुका भरपूर आहेत. एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर चढलेला असतो, डिसेप्टिकॉन्स या दुष्ट रोबोंचा म्होरक्या मेगाट्रॉन पिस्तूल झाला की अचानक हातात मावण्याएवढा होतो, शेकडो गोळ्या सुटतात आणि कुणाला लागत नाहीत. मुलाला याचं काही वाटणार नाही, तुम्हालाही दोन भागांनंतर सवय होईल. पण 'फायर इन द स्काय' चुकवू नका. स्टारस्क्रीम आणि स्कायफायर हे जुने मित्र, दोघेही संशोधक. स्कायफायर पृथ्वीवरच्या बर्फात गाडला गेलेला असतो. डिसेप्टिकॉन्स त्याला बाहेर काढतात आणि पकडलेल्या माणसांना मारायला सांगतात. तो नकार देतो आणि त्याचा मित्रच त्याच्यावर गोळी झाडतो. वीस-बावीस मिनिटांच्या, खेळणी विकण्यासाठी काढलेल्या भागात हे आहे! मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

मग १९८६ चा ॲनिमेशनपट. याच्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात याच्याइतकं धाडसी काही झालेलं नाही. यातल्या ग्रह गिळणाऱ्या युनिक्रॉनचा आवाज म्हणजे विख्यात दिग्दर्शक-अभिनेते ऑर्सन वेल्स यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक. हॅस्ब्रोला जुनी खेळणी बाजूला करून नवी आणायची होती, म्हणून ओळखीचे रोबो सुरुवातीलाच पटापट मारले जातात: प्रॉल, रॅचेट, आयर्नहाइड. आणि मग ऑप्टिमस. कारण सरळसरळ धंद्याचं होतं. तरीही तो प्रसंग ज्यांनी रचला त्यांनी मन लावून रचलाय. ऑप्टिमस द्वंद्व जिंकत आलेला असतो. तरुण हॉट रॉड मदतीच्या भरात मध्ये पडतो, मेगाट्रॉन त्याची ढाल करतो आणि त्या आडून ऑप्टिमसवर गोळ्या झाडतो. म्हणजे नायक जातो तो एका भल्या पोराच्या उतावीळपणामुळे, आणि पुढे नेतृत्व त्याच पोराच्या खांद्यावर येतं. लहानपणी मला फक्त लाल-निळा रंग उडून करडं पडलेलं ते शरीर दिसलं होतं. मोठेपणी हॉट रॉडचा चेहरा दिसला.

तेव्हाच्या मुलांनी हे इतकं मनाला लावून घेतलं की १९८७ मध्ये मालिकेत ऑप्टिमसला परत आणावं लागलं. हॅस्ब्रोच्याच 'जी. आय. जो.' या सैनिकांच्या खेळण्यांवरच्या ॲनिमेशनपटातला नायक ड्यूकही त्यामुळेच वाचला. तो मरायचा होता, पण संवाद बदलून त्याला कोमात दाखवलं. हे सगळं सांगतोय ते अशासाठी की तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. हा सिनेमा त्याला सगळ्यात आधी दाखवू नका. ऑप्टिमसशी त्याची ओळख होऊ द्या, आणि पाहताना शेजारी बसा.

ती ओळख करून देतो पीटर कलन यांचा आवाज. या भूमिकेच्या चाचणीला जाताना व्हिएतनाम युद्धात लढलेल्या त्यांच्या मोठ्या भावाने त्यांना सांगितलं होतं की खरा वीर आरडाओरडा करत नाही. हळुवार होता येईल इतका बलवान हो. कलन यांनी हे मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलंय आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात ते ऐकू येतं.

म्हणूनच दिग्दर्शक मायकल बे यांच्या, खरी माणसं घेऊन केलेल्या सिनेमांचं मला वाईट वाटतं. २००७ चा पहिला पाहण्यासारखा आहे. कलन परत आले आणि ते ब्रीदवाक्यही आलं. रोबो इतके बारीकसारीक भागांचे केले की मारामारीत कोण कुणाला मारतोय ते कळत नाही, तरी पहिल्यांदा रूप बदलतानाचं दृश्य आजही थक्क करतं. पुढचे मात्र सोडा. २०११ च्या सिनेमात फितूर झालेला जुना नेता सेंटिनल प्राइम जमिनीवर पडून गयावया करतो आणि ऑप्टिमस त्याला गोळ्या घालतो. तो आवाज आणि हे कृत्य मला एकत्र बसवताच येत नाही.

'बम्बलबी' (२०१८) मात्र मुलाबरोबर पाहायला अगदी योग्य. बम्बलबी हा रोबो पुन्हा मूळ खेळण्यासारखी पिवळी बीटल गाडी झालाय, काळ १९८७ चा, आणि सुरुवातीची सायबरट्रॉन या रोबोंच्या ग्रहावरची लढाई पाहताना प्रत्येक रोबो नावानिशी ओळखता येतो.

त्यानंतर एक जोडी लावा. आधी जुन्या मालिकेतला 'वॉर डॉन', मग २०२४ चा 'ट्रान्सफॉर्मर्स वन'. दोन्हींत ऑप्टिमस व्हायच्या आधीचा ओरायन पॅक्स आहे. जुन्यात तो गोदीवरचा साधा कामगार, दुरून मेगाट्रॉनवर भाळलेला आणि त्यानेच घात केलेला. नव्यात ते दोघे खाणकामगार आहेत, जिवलग मित्र. दोघांची फसवणूक एकच, पण एकाला त्यातून न्याय हवासा वाटतो आणि दुसऱ्याला सूड. मेगाट्रॉनचा राग मला पहिल्यांदाच पटला, तो याच सिनेमात. एकही माणूस नसलेला हा सिनेमा तिकीटबारीवर म्हणावा तसा चालला नाही, ही हळहळ वाटते.

१९८६ चा सिनेमा या जोडीनंतर ठेवा. मुलगा अजून मोठा झाला की १९९६ पासूनची 'बीस्ट वॉर्स' ही ट्रान्सफॉर्मर्सचीच पुढची मालिका काढा. तिचं संगणकी चित्रण आता फार जुनं दिसतं, पण दुसऱ्या पर्वातल्या 'कोड ऑफ हीरो' या भागापर्यंत चिकाटी धरा. त्यातल्या डायनोबॉट या रोबोसाठी तेवढा वेळ नक्की द्या.