आपत्ती निधीतून तातडीची खरेदी करताना निविदा काढावीच लागते का?

तुम्ही विचारलंय: "नगरपंचायतीत पुराच्या वेळी साहेब तोंडी सांगतात आणि सामान येतं. आपत्ती निधीचा खर्च असला तरी निविदा लागते का? नंतर ऑडिटला काय दाखवायचं?"

निविदा दरवेळी लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चं कलम 50 काढून वाचा. बचाव किंवा मदतकार्यासाठी सामान तातडीने घेणं गरजेचं आहे अशी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते संबंधित विभागाला खरेदीची परवानगी देऊ शकतं आणि निविदेची नेहमीची पद्धत माफ झाली असं मानलं जातं. म्हणजे माफी प्राधिकरण देतं. तुमचे साहेब तोंडी देऊ शकत नाहीत.

हे मी इतकं ठासून का सांगतेय, तर 2019 च्या ऑगस्टमध्ये मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात लेखा शाखेत होते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. पाणी चढत होतं, शाळांमध्ये निवारा केंद्रं उघडली होती आणि ताडपत्र्यांचा ट्रक रात्री येऊन उभा राहिला. लाइट गेलेली. मालासोबत आलेल्या चलनावर 600 नग. मी मोबाइलच्या उजेडात गठ्ठे मोजायला लागले तसे साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "बाई, लोक पावसात भिजतायत आणि तुम्हाला मोजणी सुचतेय?" मी थांबले नाही. गठ्ठा खाली आला की भांडार बघणारा आमचा लिपिक आकडा म्हणायचा आणि मी वहीत रेघ ओढायची. ट्रक रिकामा झाला तेव्हा मोजणीही संपलेली होती, कोणाचा एक मिनिट जास्त गेला नाही. दोन गठ्ठे कमी निघाले, म्हणजे 40 नग. चलनाच्या पाठीमागे "प्रत्यक्ष प्राप्त 560" लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली, ड्रायव्हरची सही घेतली. कागद ओला होता, पेन उमटेना, तर खाली वही धरून अक्षरं दोनदा गिरवली.

त्याच पुरात ब्लीचिंग पावडर आली. ती साहेबांनी स्वतः मागवली. एकच दुकानदार, एकच तारीख, तीन बिलं, प्रत्येक बिल निविदेशिवाय खरेदी करता येते त्या मर्यादेच्या जरासं खाली. लेखी आदेश नाही. साठा नोंदवहीतल्या नोंदी मागाहून एका बैठकीत भरल्या गेल्या आणि सही त्या लिपिकाची. मी फाइलवर हरकत लिहिली तर मला ऐकवलं, "प्रामाणिक माणसाला कागदाची भीती कशाला?"

लेखापरीक्षण आलं तेव्हा ताडपत्र्यांवर शंका निघालीच: पुरवठा आदेश 600 चा आणि बिल 560 चं का? चलन उलटून दाखवलं, विषय तिथेच मिटला. ब्लीचिंगवर मात्र खरेदीचे तुकडे पाडल्याचा आक्षेप लागला आणि वसुलीची नोटीस त्या लिपिकाला आली. साहेब तोवर बदलून गेले होते. पावडर खरोखर आली होती, विहिरींत पडताना मी डोळ्यांनी पाहिली होती. कोणी पैसा खाल्ला नव्हता. पण कोणत्या विहिरीत किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागदाची भीती कशाला, याचं उत्तर त्या लिपिकाच्या अडकलेल्या पदोन्नतीत आहे आणि साहेबांनी ते कधी विचारलंही नाही.

सगळ्यात जास्त चीड याची येते की तुकडे पाडायची गरजच नव्हती. जिल्हा प्राधिकरणाकडून कलम 50 खालचा लेखी आदेश घेतला असता तर एकच पुरवठा आदेश आणि एकच बिल चाललं असतं. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात आणि पुरात त्यांचं कार्यालय रात्रंदिवस चालू असतं. पत्र मेलवर जातं, आदेश मेलवर येतो.

याच कलमाचा दुसरा भाग लोक सोयीने वाचतात. प्राधिकरणाने अधिकृत केलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक (व्हाउचर) मानलं जातं, हे खरं. पण माझ्या मते त्यावर विसंबून राहू नका. सामान वापरलं गेलं, एवढंच ते सांगतं. दर वाजवी होता का, हा प्रश्न उरतोच. म्हणून चालू दरकरार असेल तर त्याची प्रत, नसेल तर मागच्या खरेदीचा दर, तेही नसेल तर दोन-तीन पुरवठादारांना फोन करून त्यांचे दर नाव आणि वेळेसकट टिपणीत लिहा. जेसीबीचं लॉगबुक रोजच्या रोज भरा, त्यावर तिथल्याच कोणा जबाबदार माणसाची सही घ्या. पूर ओसरल्यावर भरलेलं लॉगबुक ऑडिटर पहिल्या पानावर ओळखतो.

पाणी उतरलं की तातडीही उतरते. पुढच्या पावसाळ्याच्या बोटी, पंप, जॅकेटं कलम 50 च्या नावाखाली घेणं सरळसरळ चुकीचं आहे. तिथे उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयातली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या नंतरच्या सुधारणा पाळा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे जीएफआर 2017 म्हणजे सामान्य वित्तीय नियम केंद्र सरकारचे आहेत, ते टिपणीत उतरवू नका.

एक राहिलं. निविदा माफ झाली म्हणून कुठलाही खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बसत नाही. या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आहे आणि कशावर किती खर्च करायचा याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवतं. बाब त्यात नसेल तर कलम 50 चा आदेश असूनही आक्षेप येईल. देणगीतून आलेल्या सामानाची नोंदवही वेगळी ठेवा. मर्यादेचे आकडे मुद्दाम दिले नाहीत, ते बदलत असतात, ताजा शासन निर्णय बघा. आणि मी लेखा शाखेतली आहे, वकील नाही. कलम 53 खाली पैशाच्या किंवा सामानाच्या अपहाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, तसं प्रकरण असेल तर वकीलच गाठा.

तुमचे साहेब तोंडी सांगतात म्हणालात ना, मग त्याच दिवशी "आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार" अशी सुरुवात करून टिपणी सादर करा. सही करत नसतील तर कार्यालयीन मेलवर पाठवा आणि जावक क्रमांक टाका. रागावतील. माझ्यावरही रागावले होते.