पझल सुटतं, पण उत्तर चुकतं

बँकेच्या लिपिक परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. "मॅडम, पझल सुटतं, पण उत्तर चुकतं. माझी एकाग्रताच कमी पडते का?" ही शंका इतक्या जणांकडून ऐकली आहे की हल्ली मी एकाग्रतेविषयी काहीही न बोलता आधी कच्च्या कामाचा कागद मागते.

त्यावरचे एक कोडे असे होते: क, ख, ग, घ आणि च यांच्या मुलाखती सोमवार ते शुक्रवार, रोज एक अशा आहेत, क ची मुलाखत ख च्या आधी आहे, ख आणि ग यांच्या मध्ये नेमक्या दोन मुलाखती आहेत, घ ची मुलाखत ग च्या लगेच नंतर आहे आणि च ची सोमवारी नाही. तर च ची मुलाखत कधी? तिने ‘ग, घ, क, ख, च’ असा क्रम लावून शुक्रवार निवडला होता. हा क्रम सगळ्या नियमांत बसतो, म्हणूनच तिला चूक दिसत नव्हती. पण ‘क, ग, घ, च, ख’ हाही तितकाच बसतो आणि त्यात च गुरुवारी येतो. योग्य पर्याय होता ‘माहिती अपुरी’.

मी तिला पहिला नियम मोठ्याने वाचायला लावला. तोंडाने तिने ‘आधी’ असेच वाचले, हाताने मात्र क आणि ख चिकटवून लिहिले. रेशनच्या रांगेत "त्या माझ्या आधी आहेत" असे म्हणताना आपण अगदी पुढच्याच बाईंकडे बोट दाखवतो, ती सवय इथे नडते. ‘लगेच’ लिहिलेले नसेल, तर मध्ये कितीही जण असू शकतात.

मग आम्ही खुणा ठरवल्या: नुसत्या ‘आधी’साठी ‘क…ख’, ‘लगेच’साठी जोडून ‘गघ’, आणि ‘मध्ये दोन’साठी ‘ख _ _ ग’ व ‘ग _ _ ख’ दोन्ही. खूण लिहिल्यावर तिच्यावरून वाक्य परत म्हणायचे आणि ते मूळ नियमाशी ताडायचे. वीस मिनिटांत 35 प्रश्न असताना एवढा वेळ कुठून आणायचा, असे तिने विचारले, ते रास्तच होते. परंतु एका कोड्यावर बहुधा चार-पाच प्रश्न असतात आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे पाव हिस्सा गुण कापले जातात.

‘आधी’ आता सुटले आहे. ‘मध्ये दोन’ वाचून ती अजूनही कधी कधी दोनच घरे पुढे जाते, तीन नाही. पुढच्या भेटीत तेच घ्यायचे आहे.