सर्व्ह करून नेटवर धावणारे टेनिसपटू गेले कुठे?

तुम्ही विचारलंय की हल्लीचे सगळे टेनिसपटू बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभे राहून एकसारखंच का खेळतात, सर्व्ह करून नेटवर धावत येणारे कुठे गेले, आणि नव्या मुलांच्या हातात ती कला राहिलेली नाही असं समजायचं का. इंदुरात आम्ही सकाळचं डबल्स झालं की कोर्टाबाहेर पोहे खाता खाता याच विषयावर भांडतो. आमच्यातले एक काका, वय ७४, अजून एका हातानं सुरेख स्लाइस, म्हणजे बॉल खालून कापत मारायचा फटका, मारतात. त्यांचं मत ठाम आहे की आजच्या पोरांना व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत बॉल हवेतच मारणं, येतच नाही. मला ते पटत नाही. पोरांचे हात उत्तम आहेत. नेटवर येणाऱ्याला जो माणूस पलीकडून तोंड देतो, त्याचं बळ वाढलंय, आणि त्या बळाचा मोठा वाटा रॅकेटच्या तारांमध्ये आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. लोकमान्यनगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत गटिंगचं, म्हणजे रॅकेटमध्ये तारा (गट) बसवायचं, मशीन आहे. नोकरी सांभाळून वीसेक वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांचं गटिंग करून देतोय. सुरुवातीला येणाऱ्या बहुतेक रॅकेटमध्ये सिंथेटिक गट असायची, आणि एखाद्या हौशी माणसाकडे गाईच्या आतड्यापासून केलेली नॅचरल गट. ही गट मऊ. दहा-पंधरा फटके जोरात मारले की उभ्या तारा जागेवरून सरकायच्या आणि तिथेच राहायच्या. जुन्या सामन्यांचं चित्रण पाहा, पॉइंट संपला की खेळाडू मान खाली घालून बोटांनी तारा सरळ करताना दिसेल. मला लहानपणी वाटायचं, मन शांत करायची ही त्यांची पद्धत असावी. मशीनवर बसायला लागल्यावर कळलं की तारा खरोखरच वाकड्या झालेल्या असायच्या. आजही काही जण तसं करतात, पण आता ती बरीचशी सवय आहे.

मग पॉलिएस्टरची गट आली, आम्ही नुसतं पॉली म्हणतो. कडक आणि गुळगुळीत. बॉल खालून वर घासत मारला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि बॉल सुटता सुटता झटक्यानं जागेवर परततात. त्या परतीच्या झटक्यात बॉलला जास्तीचा टॉपस्पिन मिळतो, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, जिच्यामुळे बॉल झटकन खाली बसतो. क्लबातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं महिन्या-दीड महिन्यानं रॅकेट घेऊन येतात, तेव्हा तार तुटलेली असते किंवा तुटायच्या बेतात असते. जुनी गट कापून हातात घेतली की उभ्या तारेवर, आडव्या तारा जिथे जिथे घासल्या तिथे तिथे, खाचा पडलेल्या दिसतात. नखानं चाचपलं तर करवतीच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखं लागतं. त्या खाचा म्हणजे त्या मुलानं महिनाभर मारलेला टॉपस्पिन. काकांच्या रॅकेटमधली गट मी वर्षातून एकदा बदलतो, तिच्यावर अशी खूण जवळजवळ नसते.

जगाला हे नीट कळलं १९९७ मध्ये. ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्टन, जागतिक क्रमवारीत ६६ वा, पॉली गट घेऊन आला आणि फ्रेंच ओपन जिंकून गेला. त्याच्या वीस वर्षं आधी, १९७७ मध्ये, स्पॅगेटी गटिंग म्हणून एक प्रकार आला होता. दुहेरी तारा एकमेकींवर सरकत आणि बॉल भन्नाट फिरे. इली नास्तासेनं ती रॅकेट घेऊन मातीच्या कोर्टावर गिएर्मो विलासला असं हैराण केलं की दोन सेट गमावल्यावर विलासनं सामनाच सोडला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं लगेच ते गटिंग बंद करून टाकलं. तार सरकली आणि परतली तर काय होतं, हे तेव्हाच दिसून गेलं होतं. पॉलीनं तेच काम नियमात बसून केलं, म्हणून ती राहिली.

आता आकडे. हाय-स्पीड कॅमेऱ्यानं मोजलेल्या नोंदींमध्ये नव्वदच्या दशकातले सॅम्प्रस आणि अगासी यांच्या फोरहँडचा बॉल मिनिटाला साधारण १८०० ते १९०० फेऱ्या फिरायचा, फेडररचा सुमारे २७००, नदालचा ३२०० च्या घरात. या फरकाचा नेटवरच्या माणसाला काय त्रास होतो, तो मी अंगावर घेतलाय. कॉलेजात असल्यापासून माझा खेळ एकच, सर्व्ह आणि पुढे. एकदा क्लबातल्या पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर सिंगल्स खेळत होतो. त्याच्या बॅकहँडला चांगला खोल अप्रोच (नेटवर येण्यासाठीचा फटका) मारला, नेटवर योग्य जागी पोचलो, रॅकेट वर धरून तयार. बॉल नेटच्या बराच वरून येताना दिसला. मनात म्हटलं, छातीशी व्हॉली मिळणार. आणि तो बॉल शेवटच्या दीड-दोन हातांत असा खाली बसला की मला तो पायाच्या अंगठ्याशी उचलावा लागला. उचललेला बॉल वर उडाला, मुलानं दोन पावलं पुढे येऊन माझ्या बाजूनं पास मारला. पुढच्या गेममध्ये पुन्हा तेच झालं. माझ्या अप्रोचमध्ये खोट नव्हती. त्याच अप्रोचवर २००० साली माझ्याच वयाच्या माणसाला नेटच्या पट्टीला घासून जाणारा सपाट फटका मारावा लागला असता, आणि दहातले सहा नेटमध्ये गेले असते.

दुसरं कारण कोर्टाचं. २००१ च्या स्पर्धेपासून विम्बल्डननं गवत बदललं. आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के क्रीपिंग रेड फेस्क्यू अशा दोन गवतांचं मिश्रण असायचं, ते पूर्ण राय केलं. हेतू टिकाऊपणाचा होता, पण खालची जमीन घट्ट झाली आणि बॉल जास्त उंच, जास्त सरळ उसळायला लागला. नव्या गवताच्या पहिल्याच वर्षी, २००१ ला, फायनल इव्हानिसेविच आणि राफ्टर, दोघेही सर्व्ह करून पुढे धावणारे. २००२ ची फायनल ह्युइट आणि नालबँडियन, दोघेही बेसलाइनवरचे. एका वर्षात! अर्थात गवतानं एकट्यानं हे केलं असं मी म्हणणार नाही, पॉली तोवर सगळीकडे पसरली होती. पण त्याच दशकात एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, दौऱ्यावरून कार्पेटची वेगवान इनडोअर कोर्टंही गेली. सर्व्हवाल्याला आसरा देणाऱ्या जागा एकेक करून कमी झाल्या.

कोर्ट खेळ ठरवतं हे आपल्या लोकांना तर चांगलं ठाऊक असायला हवं. १९८७ मध्ये डेव्हिस कपच्या सेमीफायनलला आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी, सिडनीच्या गवतावर हरवलं. निर्णायक पाचवा सामना रमेश कृष्णननं जिंकला. माझे वडील त्या दिवसाबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज अजून बदलतो. रमेशची सर्व्हिस अगदी हळू होती, ताकद म्हणाल तर नाहीच, पण बॉल उसळल्या उसळल्या लवकर घेऊन असा ठेवायचा की समोरचा चुकीच्या पायावर. मग फायनल गोथेनबर्गला. स्वीडननं स्टेडियमच्या आत मातीचं कोर्ट टाकलं आणि आपण ०-५ हरलो. माणसं तीच, हात तेच.

मग आजचे सगळे सारखेच खेळतात का? बेसलाइनवर असतात हे खरं. पण तिथे जे घडतं ते मला कमी कलेचं वाटत नाही. जोकोविच उजवीकडे पूर्ण ताणलेला असतो, पाय जवळजवळ दोन दिशांना फाकलेले, आणि तिथून तो बॉल बेसलाइनपासून हातभर आत टाकतो. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल त्यानं आणि नदालनं ५ तास ५३ मिनिटं अशीच खेळली. मेदवेदेव रिटर्न घ्यायला इतका मागे जातो की कधी कधी तो टीव्हीच्या चौकटीत मावत नाही. फेडररनं २०१५ मध्ये तिशी उलटल्यावर समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हवर धावत पुढे येऊन हाफ-व्हॉलीनं, म्हणजे टप्पा पडताक्षणीच, रिटर्न द्यायला सुरुवात केली. हे तिघे एकाच साच्यातले कसे म्हणायचे? महिलांमध्ये ॲश बार्टीनं स्लाइस बॅकहँडच्या जोरावर २०२१ चं विम्बल्डन घेतलं, ते तर अगदी काकांच्या वळणाचं टेनिस.

तरी गेलेल्या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. १९७३ मध्ये एटीपीची क्रमवारी सुरू झाली, तेव्हापासून पहिल्यांदा फेब्रुवारी २०२४ मध्ये असा आठवडा आला की पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड मारणारा एकही पुरुष खेळाडू नव्हता. उंच उसळणारा टॉपस्पिन खांद्याच्या वर आला की एका हातानं तो सावरणं फार कठीण. दहा वर्षांच्या मुलाला दोन हातांनी शिकवणारा प्रशिक्षक चूक करत नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण एका हाताचा तो पूर्ण उघडलेला बॅकहँड, फटका संपताना दोन्ही बाहू पक्ष्यासारखे पसरलेले, तो बघताना मला जे वाटतं ते दोन हातांच्या कितीही अचूक फटक्यानं वाटत नाही.

नेटचा खेळ पुरता गेला, असंही समजू नका. डबल्समध्ये तो जिवंत आहे. रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तो हातांच्या आणि व्हॉलीच्याच जोरावर. सिंगल्समध्ये अल्कारेझला पाहा. रिटर्न घेणारे इतके मागे उभे राहू लागलेत की समोर अर्धं कोर्ट रिकामं पडलेलं असतं. त्यानं ते ओळखलं. मागे असलेल्यासाठी नेटपलीकडे अलगद टाकलेला ड्रॉपशॉट, आणि मधूनच सर्व्ह करून सरळ पुढे. २०२३ ला विम्बल्डनच्या फायनलमध्ये पाचव्या सेटला जोकोविचविरुद्ध शेवटचा गेम सर्व्ह करतानाही त्याचा ड्रॉपशॉटचा हात आखडला नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की फरक बघायचा तर कोणते सामने बघावेत. २००१ च्या विम्बल्डनचा फेडरर-सॅम्प्रस, चौथी फेरी, पाच सेट. दोघेही एका हातानं बॅकहँड मारणारे, दोघेही पुढे धावणारे, फेडरर तेव्हा १९ वर्षांचा. त्यानंतर २०२३ ची फायनल लावा. स्कोअर, कॉमेंट्री बाजूला ठेवा आणि फक्त गवत बघा. नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही फायनलचं चित्रण मिळालं तर तेही घ्या. त्या काळी दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनपासून सर्व्हिस बॉक्सपर्यंत, सर्व्ह करून पुढे येणाऱ्यांच्या वाटेवर, गवत मरून माती दिसायची. आता बेसलाइनला एक लांब तपकिरी पट्टा असतो आणि तिथून नेटपर्यंत सगळं हिरवंगार. २०२३ च्या चित्रणात मी त्या हिरव्यात विरळ झालेली जागा शोधत होतो. तुम्हाला दिसली तर इथे कळवा, मी काकांना दाखवीन.